मॅलाकीच्या वाट्याचा चेंडू

बारा वर्षं मॅलाकी गावच्या हर्लिंगच्या, म्हणजे काठीनं खेळायच्या आयरिश चेंडूखेळाच्या, संघाचा राखीव गोलरक्षक होता, आणि एकदाही मैदानात उतरला नव्हता. काउंटीच्या अंतिम सामन्यात दोन गुणांची आघाडी होती, शेवटचं मिनिट होतं, तेवढ्यात समोरच्यांना पेनल्टी मिळाली. झटापटीत गोलरक्षक फिन्टनचं बोट मोडलेलं मॅलाकीनं बाकावरून पाहिलं आणि कुणाला न विचारता तो धावत सुटला. "बाहेर हो," तो फिन्टनला म्हणाला. "बारा वर्षं बसलास, आणखी मिनिटभर बस!" फिन्टन खेकसला. "मूठ वळून दाखव, बसतो." मूठ वळेना. शिव्या हासडत फिन्टन बाजूला झाला. चेंडू सणसणत आला, मॅलाकीच्या हर्लीला, हातातल्या काठीला, घासून वर उडाला आणि गोलच्या आडव्या दांडीजवळून मागे गेला. गोलपाशी उभा पंच निशाणांकडे वाकला. हिरवं म्हणजे गोल, तीन गुण, खेळ खलास. त्यानं पांढरं उचललं: चेंडू दांडीवरून गेला, एकच गुण. फिन्टन सगळ्यांआधी पोचला. "चल की, जिंकलो!" "थांब जरा," मॅलाकी म्हणाला, "पाय उचलत नाहीत."