आज किती, मावशी?

डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी खाटेजवळ स्टूल ओढलं, उशाशी झाकून ठेवलेली भाकरीची ताटली बाजूला सारली आणि तिच्या जागी आपला छापून आलेला लेख ठेवला.

"मावशी, हे तुमच्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. "आता मोठमोठे डॉक्टर वाचतात."

द्वारकाबाईंनी कागद बोटांनी चाचपला. वाचता येत नव्हतं, पण गुळगुळीत आहे एवढं कळलं. "लग्नाची पत्रिका हाये का?" त्यांनी विचारलं. सून शालू पदराआड हसली. ज्योत्स्नाबाईही हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

का येऊ नयेत? बऱ्या न होणाऱ्या रोग्यांचं दुखणं तरी हलकं करायचं, हे त्यांचं काम. औषध किती द्यायचं ते ठरवायला दुखणं मोजावं लागतं, आणि मोजायची पट्टी पुस्तकातली, शून्य ते दहा. जालन्याहून गाडी काढून त्या गावोगाव फिरल्या, पण ती पट्टी कोणाला कळेल तर शपथ. कोणी म्हणे 'लई', कोणी म्हणे 'देवाला ठावं'. एक निवृत्त मास्तर तर दहाच्या खाली उतरायलाच तयार नव्हते. कमी मार्कांची त्यांना सवय नव्हती.

वाटूरच्या द्वारकाबाईंच्या पोटात गाठ होती. दुखतंय का म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, "चाललंय." शेवटी एका दुपारी ज्योत्स्नाबाईंनी पट्टी पिशवीत टाकली, त्यांच्या पोटावर अलगद हात ठेवला आणि नुसतं विचारलं, "आज किती, मावशी?"

"अख्खी भाकर," द्वारकाबाई म्हणाल्या.

ज्योत्स्नाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अख्खी, पाऊण, अर्धी, चतकोर. ज्या हातांनी जन्मभर भाकऱ्या थापल्या, त्यांना यापेक्षा चांगलं माप कुठलं सापडणार? त्याच दिवशी त्यांनी मॉर्फीनच्या गोळ्या सुरू केल्या. मग दर खेपेला तोच हात आणि तोच प्रश्न. उत्तर उतरत गेलं. पाऊण झाली, अर्धी झाली. इतर गावांतल्या रोग्यांना त्यांनी हे माप नीट समजावून दिलं, तर तेही भराभर सांगू लागले. त्या साऱ्यांवरून लेख झाला. पहिल्याच पानावर द्वारकाबाईंच्या दुखण्याची उतरती रेघ होती, फक्त नाव गाळून.

"बाई, एक बोलू का?" शालूने त्यांना दाराशी नेलं आणि आवाज खाली आणला. "तुमची लई वाट पाहून राह्यल्या होत्या. पन रातच्याला कण्हतेत. अंगबी पार सुकून गेलं. गोळी जरा वाढवा की."

ज्योत्स्नाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पोर जिवापाड करत होती, यात शंका नव्हती. पण घरच्यांना दुखणं असतं त्याहून नेहमी मोठं दिसतं. लेखात त्यांनी तेच ठासून लिहिलं होतं: विचारायचं ते रोग्यालाच, आणि तो सांगेल तेच खरं धरायचं.

"मावशींनाच विचारू ना," त्या म्हणाल्या आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसल्या. पोटावर हात ठेवला. "आज किती, मावशी?"

द्वारकाबाईंनी दम घेतला. "चतकोर," त्या म्हणाल्या. "त्याच्याम्होरं न्हाई."

ज्योत्स्नाबाईंना हायसं वाटलं. इतक्या वर्षांत इतकं समाधान क्वचितच मिळालं होतं.

"ऐकलंस?" त्या शालूला म्हणाल्या. "अख्ख्या भाकरीवरून चतकोरावर आल्या. गोळी आहे तेवढीच राहू दे."

"बराबर हाये मंग," शालू म्हणाली. डॉक्टरांना जास्त कळतं, असं तिने मनाला समजावलं आणि चहा टाकायला आत गेली.

ज्योत्स्नाबाई उठल्या. द्वारकाबाईंचा हाडकुळा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "मावशी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"उपकार तर तुझे, बाई," द्वारकाबाईंनी त्यांचे हात घट्ट धरले. "माय मेली तवापासून, आज किती जेवलीस म्हून मला इचारनारी तूच एक."