चिमूटभर मातीची पिशवी

पुन्हा ओळीतला शेवटचा टाका सुटला होता. आउरिकाने ते क्रोशाचं राखाडी विणकाम खिडकीपाशी उजेडात धरलं. खाली रुंद, वर निमुळतं.

"ही पिशवी आहे की बदकाचा पाय?" चुलीवर मक्याच्या पिठाची ममलिगा घोटता घोटता तिची आई साफ्ता म्हणाली.

"आई, तिला चिडवू नकोस."

"चिडवत नाही गं. तू हिच्याएवढी होतीस तेव्हा पडदे विणत होतीस, एवढंच सांगते."

आठ वर्षांची इलिंका पुढे सरकली. तिने आईच्या हातातून विणकाम घेतलं, धागा ओढला आणि सगळं उसवून टाकलं.

"अगं, दोनच ओळी उसवायच्या होत्या," आउरिका म्हणाली. "असू दे. परत बघ. साखळी घाल. आता मागे वळ. प्रत्येक साखळीत एक खांब. टोकाशी आलीस की ओळ संपली असं वाटतं, पण तिथं एक टाका लपलेला असतो. तो घेतला नाहीस तर कड आत जाते."

"लपलेला असतो," इलिंका म्हणाली.

"हो. चौकोन झाला की दुमडायचा, दोन्ही बाजू शिवायच्या, दोरी ओवायची. झाली पिशवी. याहून सोपं काही नसतं, राणी."

गावातून परदेशी जाणारं माणूस जवळच्या कुणाच्या तरी हातची पिशवी गळ्यात घालून निघतं. आत अंगणातली चिमूटभर माती. शिवणकारखाना बंद पडल्यावर आउरिकाने इटलीतल्या एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला सांभाळायचं काम पत्करलं होतं. पण हे पोरीला सांगायचं कसं? इलिंकाचा बाप रशियात बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला होता. शेवटी हिवाळ्यात एकदा तिला मांडीवर घेऊन, केस विंचरता विंचरता, आउरिका हसत म्हणाली होती, "माझी पिशवी तू करायचीस हं. ती झाली की मी जाईन."

मार्च उजाडला तरी पिशवी काही होईना. जायचं होतंच, पण आता आउरिकाला वेगळीच धास्ती लागली. पोरगी बुटांच्या नाड्या कशी बांधते, चमचा कसा धरते, सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करते का, हे ती चोरून बघू लागली. एकदा शाळेच्या बाईंना तिने रस्त्यातच गाठलं.

"बाई, इलिंकाच्या बोटांत काही दोष आहे का हो?"

"इलिंकाच्या? वर्गात सगळ्यात सुरेख अक्षर तिचं आहे."

तेवढ्याने आउरिकाला धीर आला नाही. एवढं साधं काम जिला जमत नाही, तिला मागे ठेवून जायचं. वेणी कोण घालणार? रात्री अंग तापलं तर कुणाला कळणार? आईला तर एका कानाने ऐकूही येत नाही.

त्यात टोपलीतली लोकर कमी होत चालली होती. नवऱ्याचा जुना स्वेटर उसवून केलेला हिरवा गुंडा तर सापडेचना. साफ्ताने मांजराला चोर ठरवलं. बिचारं दोन दिवस अंगणात झोपलं.

"तू सुटलीस बाई," समोरची झाम्फिरा कुंपणावरून म्हणाली. तिलाही इटलीलाच जायचं होतं. "माझे कागद तिकडे कचेरीत अंडी उबवत बसलेत. अजून पिल्लू नाही. तुझी लेक मात्र शाळा सुटली की येऊन बसते हो माझ्या चुलीपाशी. बोलत नाही काही, पण सोबत होते."

"त्रास देत नाही ना?"

"तिला देताच येत नाही."

पुढच्याच आठवड्यात झाम्फिराचे कागद आले. दोघींना एकच गाडी मिळाली.

निघायच्या सकाळी गाडी कोपऱ्यावरच्या विहिरीपाशी येऊन उभी राहिली. साफ्ताने पनीरच्या पोळ्या फडक्यात बांधून दिल्या आणि तोंड फिरवलं. इलिंका फाटकात उभी होती. हातात राखाडी विणकाम, त्यात सुई तशीच अडकवलेली.

"आई, पिशवी झाली नाही."

"माहीत आहे, बाळा."

"अजून दोनच ओळी झाल्यात."

"असू दे. तुझी काही चूक नाही. आजीकडून हळूहळू शीक."

"पण झाली नाही ना."

आउरिकाने वाकून द्राक्षवेलाच्या बुडाशी हात घातला, चिमूटभर माती घेतली आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारली. लेकीचे दोन्ही हात हातात घेऊन एकेक बोट चाचपून पाहिलं. बोटं थंड होती. इलिंका रडली नाही. आईकडे नुसती बघत राहिली, आपलं कुठं चुकलं ते शोधत असल्यासारखी.

गाडी डोंगर चढून पलीकडे उतरली, गावाचा शेवटचा धूर दिसेनासा झाला, तेव्हा आउरिकाने डोळे पुसले. हातातला रुमाल बघून शेजारी बसलेली झाम्फिरा म्हणाली, "माती रुमालात? घरात एवढी कारागीर असताना?"

"कोण कारागीर?"

झाम्फिराने गळ्यातून एक पिशवी बाहेर काढली. हिरव्या लोकरीची, तळहातापेक्षा लहान. आउरिकाने ती उलटसुलट करून पाहिली. कडा ओळंब्यासारख्या सरळ. एकाही ओळीत शेवटचा टाका सुटला नव्हता.

"तुझी इलिंका, दुसरं कोण? माझ्या चुलीपाशी बसून एका दुपारीत केली. मी म्हटलं, अगं, माझे कागद तरी कुठं आलेत? तर गळ्यात घालून म्हणते कशी, 'झाली पिशवी, मावशी. आता तुला जाता येईल.'"