ऑपरेशनच्या आदल्या दुपारी

उद्या सकाळी आठ वाजता ताईंच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढावंच लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून आज जेवणं उरकताच माईकवाला येऊन खाटेशेजारच्या स्टुलावर बसला होता. काय बोलायचं ते आजच. उद्यापासून ताई उत्तर देणार नव्हत्या.

काड्यापेटीच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या ताई नगरसेविका झाल्या, मग तीनदा आमदार. एकतीस वर्षं त्या कुठेही उभ्या राहिल्या तरी कर्णे त्याचेच.

बराच वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मांडव कोसळला ती सभा, सात माणसं आणि एक कुत्रं एवढ्यांनीच ऐकलेली सभा. मग तो एकदम म्हणाला, “ताई, पहिल्या सभेत माईक बंद पडला नव्हता. मी वायर काढली होती.”



मान खाली घालूनच त्याने बाकीचं सांगितलं. सभेच्या आदल्या दिवशी कारखान्याचा मॅनेजर त्याच्या दुकानात आला होता. दुकान मॅनेजरच्याच जागेत. बाईने तोंड उघडलं की वायर ओढायची, नाहीतर उद्या सामान रस्त्यावर, एवढंच बोलून गेला. ताईंनी कागदावरून दोन ओळी वाचल्या आणि याने वायर ओढली. ताईंनी कागद कमरेला खोचले, स्टेजवरून उतरल्या आणि कारखान्यातल्या बायकांच्या मधोमध उभं राहून बोलायला लागल्या. त्या बोलण्यावर संप होऊन कारखाना चाळीस दिवस बंद राहिला.

ताई हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, तशी नर्स डोकावून गेली.

“ते भाषण युनियनच्या मास्तरांनी लिहून दिलं होतं,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “निम्मे शब्द मलाच कळत नव्हते. वाचत बसले असते तर बायका उठून गेल्या असत्या.”

“म्हणजे राग नाही आला?”

“आला ना. एकतीस वर्षं तू दोन तास आधी येऊन वायरी चाचपत बसायचास. मला वाटायचं, किती मन लावून काम करतो माणूस.”

त्याला हसावं की रडावं कळेना. ताईंनी त्याच्या हातावर एक चापट मारली आणि हात तिथेच राहू दिला.

तेवढ्यात खालून ताईंच्या नावाची घोषणा आली. आवारात पन्नासेक बायका बसकण मारून बसल्या होत्या. काही कारखान्यातल्या जुन्या, काही त्यांच्या सुना. ताईंनी चार शब्द बोलल्याशिवाय हलायला तयार नाहीत, असं नर्सने येऊन सांगितलं.

ताई उठल्या. माईकवाल्याने दंडाला धरून त्यांना खिडकीपाशी नेलं. मोठ्याने बोलायला बंदी होती, पण नर्स भिंतीवरचा तक्ता वाचत उभी राहिली. खाली सगळं चिडीचूप झालं. आता ताई पुढच्या लढ्याचं काहीतरी बोलणार, असं त्याला वाटलं.

ताईंनी चौकटीवर हात टेकले आणि छातीभर श्वास घेतला.

“पाच वाजत आले,” त्या ओरडल्या. “पोरं शाळेतून येतील. घरी जा गं.”

कोणीच घोषणा दिली नाही. बायका वाकून आपापल्या चपला शोधू लागल्या.