अर्धा तास

‘साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. फुरसं चावलेल्या मुलीला दवाखान्यात आणायला घरच्यांनी उशीर केला, म्हणून ती दगावली, असं तुमच्या कागदावर आहे. उशीर आम्ही केला नाही. तुमच्या दवाखान्याला कुलूप होतं.’

जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला लिहायला घेतलेला अर्ज लवूने एवढा वाचला आणि मान वर केली. पडवीत समोर तुळसा भाताचं बियाणं निवडत होती. मेलेल्या मुलीची आई. लवूची सख्खी मामी, आणि कमळा जगली असती तर ह्या वैशाखात त्याची सासू झाली असती.

“ह्यो बरा हाय,” ती म्हणाली.

आधीचे दोन अर्ज तिने चुलीत घालायला लावले होते. पहिल्यात कमळा चंद्रकोर होती, दुसऱ्यात अकाली गळलेली कळी. तुळसाने विचारलं होतं, ही कुणाची पोर म्हणायची? माझी काळी होती, तोंडाळ होती, आणि लग्न ठरल्यावरसुद्धा आंब्यावर चढायची. लवू सातवी नापास, देवरूखच्या वाचनालयातली पुस्तकं वाचून लिहायला लागलेला. मुंबईची मासिकं त्याच्या कथा परत पाठवायची. बरोबर करायची. त्या कथांतही सगळीकडे चंद्रच होता.

आज चौथा दिवस, त्याने गावठी दारूला तोंड लावलं नव्हतं. तुळसाची अटच तशी होती. प्यायलेल्या हाताने माझ्या पोरीचं नाव लिहायचं नाही, म्हणाली होती. पण न प्यायलेला हात चालेना. पेन कागदावर टेकलं की थरथरायचं. शेवटी तुळसा सूप बाजूला सारून जवळ आली आणि तिने तळव्याने कागद दाबून धरला. हलत कागद नव्हता, हे तिलाही दिसत होतं.

तो लिहीत गेला, लिहील ते वाचत गेला. पेरणीआधी शेत भाजतात, त्यासाठी कमळा पातेरा गोळा करत होती. सुक्या पानांत हात घातला आणि फुरसं डसलं. चौघांनी डोली उचलली. उन्हातून पळत दोन वाजता दवाखाना गाठला. कुलूप. इंजेक्शन आत कपाटात आणि किल्ल्या डॉक्टरच्या खिशात. तासभर वाट बघून लवू सायकलवरून डॉक्टरच्या बिऱ्हाडी गेला. तीनला निघाला, चारला पोचला. तिथेही कुलूप. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, अठरा तासांनी उगवला. तोवर दवाखान्याबाहेरच्या बाकावर पडलेल्या कमळाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

“दवाखान्यापासून ते बिऱ्हाड,” तुळसाने विचारलं, “सायकलीन कितीसं हाय?”

“अर्धा तास.”

“मंग तीनला निघालास तो चारला कसा पोचलास?”

पंक्चर झाली होती, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं. कथा लिहिणाऱ्याला पंक्चर काढायला किती वेळ लागतो? पण कागदावर तिचा तळवा होता. नखांत माती, बोटांना जुन्या कोयतीचे वण.

त्याने सांगितलं. वाटेत पऱ्ह्याकडे, ओढ्याच्या काठाला, धाकूची भट्टी लागते. पेडल मारवत नव्हतं. एक ग्लास घ्यायचा म्हणून उतरला. दोन झाले. डॉक्टर शनिवारपासूनच गावाला गेला होता, साडेतीनला पोचला असता तरी तेच कुलूप दिसलं असतं. पण ग्लास उचलताना हे त्याला ठाऊक नव्हतं. तीन महिने तो हेच पीत होता.

तुळसाने कागदावरचा हात काढला. उठून आत गेली.

लवू बसून राहिला. धाकूची भट्टी इथून फार लांब नव्हती, आणि आता त्याला कुणी अडवणारही नव्हतं. त्याने एकदा अंगणाच्या बेड्याकडे, फाटकाकडे बघितलं. मग कागद उडू नये म्हणून त्यावर स्वतःचाच हात ठेवला.

बऱ्याच वेळाने तुळसा बाहेर आली. डोळे लाल. हातात पेजेची वाटी. ती तिने त्याच्यापुढे आदळली.

“लिव.”

“काय?”

“आता सांगितलंस तां सगळां. धाकू नि ते दोन गलास.”

लवू म्हणाला, मामी, मग आपला अर्ज संपला. बेवड्याची साक्ष म्हणून ते फेकून देतील. कमळाच्या नावावर तो उशीर कायमचा राहील.

“सायबान झाकलान म्हणून आपण भांडतोय ना? मंग आपलां कशाला झाकायचां?” ती म्हणाली. “नि बेवडा तर तू हायसच, बाला. सगळ्या वाडीला ठाव हाय. निदान कागदावर तरी सरळ चाल.”

तो हसला की रडला, त्याचं त्यालाच कळलं नाही. पेन उचललं. अक्षर वाकडं येत होतं, पण शब्द शोधावे लागत नव्हते. पेज निवून गेली तरी तो थांबला नाही. ‘आपला आज्ञाधारक’ लिहायची वेळ आली, ते त्याने लिहिलं नाही. नुसतं नाव घातलं, खाली तारीख, ४ मे १९८४. उद्या सकाळच्या रत्नागिरी गाडीने दोघं अर्ज घेऊन जाणार होती.

तुळसा म्हणाली, शेवटचं वाच.

त्याने वाचलं.

‘वाटेत मी अर्धा तास दारू पीत बसलो. माझा अर्धा तास कुठे गेला, ते मी सहीनिशी लिहून दिलं आहे. साहेब, तुमचे अठरा तास कुठे गेले? तेही सहीनिशी लिहून पाठवा.’