संत निकोलाची मेणबत्ती
इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी भर चढावर बंद पडली. मिलुटिनने चावी फिरवली. नुसती घरघर. पुन्हा फिरवली, तर तीही नाही.

"काय झालं?" शेजारी बसलेल्या सेंकाने नवऱ्याला विचारलं.

"डिझेल गोठलं."

"डिझेल कधी गोठतं का?"

"किनाऱ्यावरचं गोठतं." त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "बाबा काल फोनवर ओरडून सांगत होते, खालून टाकी भरून येऊ नकोस, थंडीत न गोठणारं डोंगराचं डिझेल वर शाव्निकला भर. आणि मी खाली कोतोरलाच फुल्ल करून बसलो. डोंगरात जन्मलो आणि ही माझी अक्कल!"

सकाळचे साडेदहा वाजले होते, पण बर्फाच्या वादळात उजेड कसला तो नव्हताच. उणे अठरा. फोनला रेंज नाही. सासऱ्यांचं गाव अजून सहा किलोमीटर वर. मिलुटिन मदत बघायला उतरला, पण वीस पावलांत त्याला गाडीच दिसेनाशी झाली आणि तो जीव मुठीत धरून परत आला. तासाभरात बर्फ दाराच्या मुठीपर्यंत चढला.

दोघं मागच्या सीटवर गेले. चार वर्षांच्या यान्याला त्यांनी मध्ये घेतलं, आपले कोट तिच्यावर घातले. आधी ती सारखी कुरकुरत होती. पाय गार पडले, नाक गार पडलं, आजोबांचं घर कधी येणार. मग तिची कुरकुर थांबली. सेंकाच्या तोंडचं पाणी पळालं.

"यान्या, गाणं म्हण बघू एक."

"नको." डोळे मिटलेलेच.

सेंकाने पायाशी ठेवलेली पिशवी ओढली. आत सणाचा पाव होता, उकडलेल्या गव्हाचा वाडगा, वाइनची बाटली आणि मठातून आणलेली हातभर लांब मेणबत्ती.

"काडेपेटी दे," ती म्हणाली.

"ती नाही, सेंका. ती कसली आहे तुला माहीत आहे."

माहीत नसायला काय झालं? लग्न झाल्यापासून नऊ वर्षं ती तेच ऐकत आली होती. निकोला हा त्यांच्या घराण्याचा संत. वर्षातून एकदा, त्याच्या दिवशी, ही मेणबत्ती पेटवायची, आणि जो पेटवेल तो घराचा यजमान. सासरे, म्हातारे मियात, तो मान सोडत नव्हते. "समुद्रावर राहणाऱ्याच्या हाती काडी कशी देऊ?" असं भर पंगतीत म्हणायचे, आणि मिलुटिन मान खाली घालून ताटातला मासा चिवडायचा. यंदा मात्र म्हाताऱ्यांनीच फोन केला होता. ये, या वेळी काडी तू ओढ. फोन ठेवून मिलुटिन बाल्कनीत गेला होता आणि बराच वेळ आत आला नव्हता. रडत होता बिचारा.

"ती घरी पेटवायची असते," तो आता काकुळतीला आला. "बाबांसमोर, घरच्या टेबलावर. आज काडी माझ्या हाती देणार होते ते. आणि मी ती रस्त्यातच पेटवली म्हटल्यावर परत तोंड बघतील माझं?"

"निकोला प्रवाशांचाच संत ना तुमचा? मग आपण कोण, वऱ्हाडी?" सेंकाचा आवाज चिरकला. "पोरीचे ओठ बघ, मिलुटिन. जरा बघ तिचे ओठ!"

त्याने पाहिलं.

मग त्याने मेणबत्ती गव्हाच्या वाडग्यात रोवली. काच बोटभर खाली केली. पहिली काडी मोडली, दुसरी फटीतल्या वाऱ्याने विझली. तिसरी पेटली. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. त्याचे डोळे भरले होते. सेंकाने त्याच्याकडे पाहणं टाळलं.

एवढीशी ज्योत, तिची ऊब ती कितीशी असणार. सेंका तिच्यावर तळवे धरायची आणि यान्याचे पाय चोळायची, पुन्हा तळवे, पुन्हा पाय. मिलुटिन वाडगा घट्ट धरून बसला. मेण त्याच्या बोटांवर गळत होतं, तरी त्याने हात हलवला नाही. मेणबत्ती निम्मी झाली. यान्या डोळे उघडत नव्हती.

"यान्या, आजोबा काय म्हणतात तुला? सांग ना गं. काय म्हणतात?"

बऱ्याच वेळाने आवाज आला. "चिमणी."

सेंकाला हुंदका आवरेना. तेवढ्यात वरच्या वळणावर ट्रॅक्टर धडधडला. पुढच्या पात्याने बर्फ बाजूला सारत तो समोर येऊन थांबला. मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेले मियात खाली उतरले आणि तिथूनच गरजले, "समुद्राच्या पाण्याने अक्कल गंजली का रे तुझी? बारा वाजून गेले! पाहुणे येऊन बसलेत, टेबलावर अंधार!"

फावड्याने बर्फ उपसून त्यांनी दार ओढलं आणि जागीच थबकले. आधी मेणबत्तीकडे पाहिलं, मग नातीकडे.

"मी पेटवली, बाबा," मिलुटिन म्हणाला. "पोर गारठली होती. आता काय बोलायचं ते बोला."

म्हाताऱ्यांनी अंगातला कोट उतरवून यान्याभोवती लपेटला, तिच्या गालाला हात लावून पाहिला. तिने आजोबांचं बोट धरलं. सेंकाला वाटलं, आता ते पोरीला उचलतील आणि मुलाकडे पाठ फिरवून चालू लागतील.

मियात एक पाऊल मागे सरले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. टकलावर बर्फ पडत होता.

"सण सुखाचा जावो, यजमान," ते मुलाला म्हणाले. "पाहुण्याला आत जागा आहे का?"