तिसऱ्या पायाचा पेच

दाना ओली नावाच्या गल्लीत सूर्याजींच्या दुकानी काहीही दुरुस्तीला न्या, उत्तर ठरलेलं: "हो जाएगा." मग ते होवो न होवो. शालिनीताईंनी दीवच्या समुद्रावरून आणलेला कॅमेऱ्याचा ट्रायपॉड पुढे केला, तेव्हाही ते हेच म्हणाले. दोन पाय त्यांनी उघडले, वाळू झटकली, मिठाचा पांढरा थर घासून काढला, ग्रीस लावलं. तिसऱ्या पायाचा पेच मात्र हलेना.

"कोण्या पहिलवानानं आवळलाय हो, ताई?"

"ह्यांनी. लाटेनं पडायला नको म्हणाले."

"मग उघडायलाही त्यांनाच पाठवा ना!"

"लाट आली तेव्हा हा उभाच राहिला," ताई ट्रायपॉडकडे बघत म्हणाल्या. "तिनं ह्यांनाच नेलं."

सूर्याजींनी मान खाली घालून तेलाचे थेंब सोडले, जरा थांबले आणि पक्कड लावली. कट्‌कन आवाज झाला, चिमूटभर मीठ गळलं आणि पेच सैल पडला.

ताईंनी तो एका बोटानं फिरवून पाहिला.

"आता ह्यांनी आवळला होता, तितकाच आवळून द्याल?"

"हो..." सूर्याजी म्हणाले. पुढचं 'जाएगा' काही त्यांच्या तोंडून निघेना.