चाळीस वर्षांचा वाद

यंत्रानं शीलाला हिरवा दिवा दाखवून सोडलं आणि तिच्यामागून आत शिरलेल्या रविकांतांना धरून ठेवलं.

कपाटाएवढं ते यंत्र, केंद्रातून बाहेर पडायच्या वाटेवरचं. आत उभं राहायचं, दोन्ही हात दोन खोबणींत घालायचे, आणि अंगावर किरणोत्साराचा कण नाही अशी त्याची खात्री पटली की पुढचं दार उघडतं. ते उघडलं नाही. लाल दिवा लागला, भोंगा वाजला, मागचं दारही खटकन बसलं. काचेपलीकडे टूरमधली माणसं कोट चढवता चढवता थांबली.

सकाळपासून या माणसांची बसमध्ये चांगली करमणूक झाली होती. पासष्ट वर्षांपूर्वी जिथली अणुभट्टी वितळली, ती जागा शीलाला एकदा प्रत्यक्ष दाखवायची, हा रविकांतांचा हट्ट. सारं आयुष्य अणुवीज केंद्रात इंजिनिअर म्हणून गेलेलं. एवढं होऊन गेलं तिथं आज माणसं डबे घेऊन कामाला येतात, यापेक्षा आणखी काय पुरावा हवा, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्या कचऱ्याला हजारो वर्षं राखण बसवावी लागते तो नातवंडांच्या उशाशी ठेवून जाणारे तुम्ही कोण, असं तिचं. मिसिसागाच्या घरी हा वाद चहाइतक्या नेमानं चाले. त्यात अलीकडे शीला स्काइपवर एका बुवांकडून कीर्तन शिकत होती, त्यामुळे तिच्या टोमण्यांनाही रंग चढला होता. बसमध्ये रविकांत आकडे सांगू लागले तशी ती म्हणाली, "बुवा, पूर्वरंग लांबला तुमचा. आता आख्यानाला हात घाला." मागच्या सीटवरच्या सरदारजी जोडप्याला तिनं ते हिंदीतून समजावूनही दिलं. ती दोघं पोट धरून हसली.

आता कोणी हसत नव्हतं. पहाऱ्यावरची तरुण मुलगी यंत्राच्या खिडकीशी आली. घाबरायचं कारण नाही, आधी दोन प्रश्न विचारते, असं इंग्रजीत म्हणाली आणि तिनं पहिला विचारला.

"सर, गेल्या महिन्याभरात काही मेडिकल टेस्ट? शिरेतून काही दिलं होतं?"

रविकांतांना एकदम आठवलं. सोमवारची थॅलियम टेस्ट. हृदय तपासायला शिरेतून किरणोत्सारी औषध टोचलं होतं.

नोकरीत असताना दर नव्या माणसाला ते बजावत आले होते, की असलं औषध टोचून घेतलं असेल तर फाटकावर आधी सांगा, नाहीतर यंत्र तुम्हालाच कचरा समजेल. आणि स्वतःच विसरले. विसरणारच. शीलासमोर ती टेस्ट झालीच नाही असं वागण्यात त्यांचा आठवडा गेला होता. विंटर टायर बसवून आणतो, असं सांगून ते घरून निघाले. गाडी खरंच गॅरेजला लावली आणि बस पकडून हॉस्पिटल गाठलं. काल डॉक्टरांचा फोन आला. हृदयाच्या दोन नळ्या तुंबल्या होत्या. ऑपरेशनची तारीख त्यांनी मागून घेतली, शीलाचं विमान गेल्यानंतरची.

दत्तजयंतीला माहेरच्या देवळात ती पहिल्यांदा कीर्तनाला उभी राहणार होती. एकोणसत्तराव्या वर्षी. रोज संध्याकाळी बेसमेंटमध्ये तिची तालीम चाले आणि रविकांत झांज घेऊन मागे उभे राहत. ठेका चुकला तर ती थांबत नसे, गाता गाताच मान वळवून त्यांच्याकडे बघे. तिला कळलं असतं तर बॅगेत भरलेली नऊवारी त्याच घटकेला कपाटात परत गेली असती.

हो म्हटलं की दार उघडणार होतं. त्यांची अणुवीजसुद्धा चारचौघांत निर्दोष सुटली असती. फक्त शीला काचेला लागून उभी होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

"नो," रविकांत म्हणाले.

'हो' आलं नाही, म्हणून मुलीनं दुसरा प्रश्न विचारलाच नाही. मग मात्र थांबावं लागेल, कपडे-बूट ठेवून घ्यावे लागतील, अंघोळ करून पुन्हा मोजावं लागेल, असं तिनं हळू आवाजात सांगितलं. रविकांतांनी मान हलवली.

"चाळीस वर्षं तुमच्या त्या केंद्रात भट्टीशेजारी काढलीत," शीला काचेपलीकडून म्हणाली. "मी म्हणत होते ना, अंगात भिनतं म्हणून."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. याची उत्तरं रविकांतांना तोंडपाठ होती. किती किरण अंगावर घेतले याचा नोकरीभरचा हिशोब त्यांना ठाऊक होता. तो जन्मभर विमानात नोकरी करणाऱ्यांपेक्षा जास्त नव्हता. सगळं जिभेवर आलं. त्यांनी गिळलं.

"तुझंच खरं, शीला. भिनलं असेल काहीतरी."

आता ती जिंकल्याचं हसेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. शीला हसली नाही. झांज चुकल्यावर बघायची तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग पहाऱ्यावरच्या मुलीकडे वळली आणि जुळवून जुळवून इंग्रजीत बोलू लागली.

"बाळ, आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. या बाबतीत ह्यांनी माझं एकदाही मान्य केलेलं नाही," ती म्हणाली. "ह्यांना तो टेस्टचा प्रश्न परत विचार."

मुलगी खिडकीशी वाकली. रविकांतांचे दोन्ही हात अजून खोबणींतच होते.